गंभीर काहीतरी लाव

अर्कादी लुकिच झुयेवच्या कोटाला आतून दोन खिसे होते आणि निवडणुकीच्या दिवशी सकाळी त्या दोन्हींत एकेक भाषण होतं. उजव्या खिशातलं भाषण कोरं करकरीत होतं. त्यात 'पुनर्रचना' आणि 'मोकळेपणा' हे शब्द जेवणात मीठ असावं तसे जागोजाग होते. डाव्या खिशातलं पाच वर्षांपूर्वीचं होतं, शिस्तीबद्दलचं. ते वाचायचा त्याचा काही विचार नव्हता. आभाळ स्वच्छ असलं तरी पोलोझोवोतला जाणता माणूस छत्री घेऊनच निघतो, त्यातलाच तो प्रकार.

"रिम्मा," तो आरशासमोर उभा राहून बायकोला म्हणाला, "'पुनर्रचना' म्हणताना माझा चेहरा कसा दिसतो?"

"दाढ दुखत असल्यासारखा."

"आणि 'मोकळेपणा'?"

"दाढ काढून टाकल्यासारखा." रिम्माने त्याच्या खांद्यावरचा केस झटकला. "मन लावून म्हण जरा. तो पोरगा बघ, तारासोव. म्हणतो तेव्हा वाटतं, खरंच काहीतरी होणार आहे."

"म्हणूनच लोकांना त्याची भीती वाटते," झुयेव म्हणाला, आणि गळपट्टा गुंडाळून बाहेर पडला.

झुयेव झाकणांच्या कारखान्यात उपसंचालक होता. काकड्या आणि टोमॅटो मुरवायच्या बरण्यांची पत्र्याची झाकणं तिथे बनत. अर्ध्या देशाच्या हिवाळ्यावर झाकण ठेवायचं काम पोलोझोवोचं आहे, असं तो पाहुण्यांना सांगत असे. त्याच्याकडे खातं होतं 'सर्वसाधारण देखरेख'. अठरा वर्षं तो सर्वसाधारणपणे देखरेख करत आला होता आणि कुणी कधी तक्रार केली नव्हती. पण त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, मॉस्कोहून दोन गोष्टी आल्या. पहिली, कारखान्याचा संचालक यापुढे कामगार मतं देऊन निवडणार. दुसरी, कारखान्यात उपसंचालक फार झाले आहेत, ते कमी करा. झुयेवने या दोन्ही गोष्टी एकत्र मांडून बघितल्या आणि उत्तर सरळ निघालं. निवडून आला तर संचालकाची खुर्ची, मोटार आणि सहीचा शिक्का. नाही आला तर शहराच्या भंगार गोदामावर व्यवस्थापक. मधली जागाच शिल्लक राहिली नव्हती. झुयेवचं सगळं आयुष्य मधल्या जागेत गेलं होतं.

त्याच्यासमोर उभा होता ग्लेब तारासोव, झाकणं ठोकणाऱ्या प्रेस यंत्रांच्या विभागाचा प्रमुख, चौतिशीतला. तो मासिकं वाचायचा आणि वाचलेलं बोलून दाखवायचा. 'तोट्यातले प्रेस बंद करू, नफ्यातले चालवू, खरं ते तोंडावर सांगू,' असं तो गेले काही आठवडे कॅन्टीनमध्ये सांगत फिरत होता. तरुण मुली त्याच्याकडे बघून हसत, आणि तोट्यातल्या प्रेसवरचे म्हातारे त्याच्याकडे बघून गप्प होत. पारडी समसमान आहेत, असा झुयेवचा अंदाज होता.

निवडणुकीच्या व्यवस्थेची जबाबदारीही झुयेवकडेच आली होती, देखरेख म्हणून. आदल्या दिवशी त्याने स्वतः सगळीकडे फेरी मारली होती. मतपेटी बघितली, मतदानाच्या आडोशाचा लाल पडदा बघितला, खाद्यगृहात संत्री आणि धुरावलेलं सॉसेज आल्याची खात्री केली. निवडणूक म्हटली की खाद्यगृह चांगलं लागतं. संत्र्याशिवाय मत कोण देणार? शेवटी तो कारखान्याच्या ध्वनिक्षेपण खोलीत डोकावला. तिथे फाया मावशी बसायची. तिच्या खोलीतून निघणाऱ्या तारा कारखान्यात आणि कामगार वस्तीच्या चौकातल्या खांबावरच्या कर्ण्यांपर्यंत गेल्या होत्या.

"फाया मावशी, उद्या ती पोरींची नाचगाणी नकोत," तो तिला म्हणाला होता. "लोकशाहीचा पहिला प्रसंग आहे. प्रसंगाला शोभेल असं गंभीर काहीतरी लाव."

"गंभीर," फाया मावशी म्हणाली. "बरं."

आणि तो ते तिथल्या तिथे विसरून गेला. हुकूम काढणाऱ्याला आपलाच हुकूम परत ऐकायची सवय नसते.

चौकात बर्फ वितळून चिखल झाला होता. झुयेव फळ्यांवरून तोल सावरत निम्म्यापर्यंत आला आणि खांबावरचा कर्णा खरखरला. मग त्यातून एक चेलो रडायला लागला. संथ, जाड, ओल्या लोकरीसारखं संगीत. झुयेवचा पाय फळीवरून घसरून चिखलात गेला आणि तिथेच राहिला.

हे संगीत पोलोझोवोत सगळ्यांना पाठ होतं. गेल्या सहा वर्षांत ते तीनदा वाजलं होतं, आणि तिन्ही वेळा मॉस्कोत देशाचा एकेक म्हातारा पुढारी गेला होता.

चौकातली माणसं जागच्या जागी थांबली. दुकानाच्या दाराशी जाळीची पिशवी घेऊन उभी असलेली एक म्हातारी छातीवर क्रूसाची खूण करायला लागली, मग आजूबाजूला बघून तिने तोच हात डोक्यावरचा रुमाल नीट करायला नेला.

"कोण गेलं गं?" दुसरी आली.

"कळलं नाही अजून. वाजतंय तर आहे."

"पण हा तर चांगला धडधाकट होता!"

"म्हणून काय झालं? बसवलं तसं उठवलं असेल."

"माझ्या नवऱ्याने घरी रेडिओ लावून बघितला," तिसरी धापा टाकत आली. "बीटच्या पेरणीबद्दल सांगतायत."

तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"म्हणजे लपवतायत," पहिली म्हणाली. "आत मीठ आहे का?"

"होतं. आता रांग आहे."

"शेवटचं कोण?"

ध्वनी हवेत सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर जातो. त्या सकाळी पोलोझोवोत मिठाची बातमी त्याच्या पुढे होती. चेलोचा पहिला तुकडा संपायच्या आत रांग दुकानातून बाहेर पडून टपाल कचेरीला वळसा घालून गेली, आणि तिच्या शेपटाला उभ्या असलेल्यांना आपण कशासाठी उभे आहोत हेही माहीत नव्हतं. पण ते नंतर विचारता येतं, आधी जागा धरायची असते.

झुयेव चिखलातला पाय काढून जवळजवळ धावतच आपल्या खोलीत गेला आणि त्याने पक्षाच्या जिल्हा समितीला फोन लावला. लागेना. परत लावला, लागेना. तो लागत नव्हता, कारण गावातला फोन असलेला प्रत्येक माणूस त्याच वेळी तोच नंबर फिरवत होता. झुयेवने मात्र वेगळा अर्थ काढला. समिती बैठकीत आहे. बैठकीत आहे म्हणजे ठरतंय. ठरतंय म्हणजे ठरलं.

'संपलं,' त्याच्या मनात आलं. 'तीन वर्षं मोकळेपणा चालला, आता खिडकी बंद.' आणि नवल म्हणजे त्याला वाईट वाटलं नाही. घट्ट बूट काढल्यावर पावलाला वाटतं तसं वाटलं. त्याने उजव्या खिशातलं भाषण काढून शेगडीत घातलं आणि डाव्या खिशावर हात ठेवून तो सभागृहाकडे निघाला.

व्हरांड्यात ग्लेब तारासोव उभा होता. चेहरा पांढरा.

"अर्कादी लुकिच, तुम्हाला काही कळलं का हो?"

"कळलं असतं तर तुला सांगितलं असतं का?"

ग्लेबने प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं सांगितलं."

"मग तसंच समज."

सभागृह गच्च भरलं होतं, पण नेहमीसारखी कुजबुज नव्हती. कर्ण्यातून चेलो रडतच होता. मंचामागच्या भिंतीवर जिथे देशाच्या पुढाऱ्याचा, म्हणजे पक्षाच्या सरचिटणीसांचा फोटो असायचा तिथे आता फक्त एक फिकट चौकोन होता. फोटो कुणी काढला ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर धूळ पुसायला काढलाय असं उत्तर तयार होतं. मंचावर जिल्हा समितीचा तरुण निरीक्षक एदुआर्द रोमानोविच चामड्याची बॅग पोटाशी धरून बसला होता. तोही सकाळपासून स्वतःच्याच कचेरीला फोन लावत होता आणि त्यालाही लागला नव्हता. तरी लोक त्याच्याकडे आशेने बघत होते. त्याने चेहरा असा ठेवला होता की मागाहून तो आनंदाचाही ठरवता यावा आणि दुःखाचाही.

चिठ्ठी टाकून आधी ग्लेबचा नंबर लागला. तो उभा राहिला, पाण्याचा घोट घेतला, लोकांकडे बघितलं, मग त्या फिकट चौकोनाकडे.

"मी फार बोलणार नाही," तो म्हणाला. "मी वयाने लहान आहे. माणसाने वडीलधाऱ्यांकडून शिकावं, असं मला... नेहमीच वाटत आलं आहे." आणि खाली बसला.

इतके आठवडे ज्या मुली त्याच्याकडे बघून हसत होत्या, त्या आपापल्या नखांकडे बघायला लागल्या.

झुयेव उठला. त्याने डाव्या खिशातून पिवळट कागद काढले. मूळ भाषणात सुरुवातीलाच ज्या थोर पुढाऱ्याचं नाव होतं, त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. तिथे झुयेव खोकला आणि पुढे गेला.

"कॉम्रेड्स! आपल्याला शिस्त हवी आहे!"

सभागृह सरळ बसलं. ओळखीचा सूर होता. यात काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं.

पण दुसऱ्या पानावर झुयेवची नजर कागदावरून सुटली आणि तो आपल्या मनाने बोलायला लागला. "तीन वर्षं आपल्याला सांगितलं, बोला. आपण बोललो. बोलून काय मिळालं? साबण मिळाला? कापड मिळालं? झाकणं आपण बनवतो, आणि आपल्याच बायकांना काकडीच्या बरणीला झाकण मिळत नाही!"

"खरं आहे!" मागून एक बाई ओरडली. टाळ्या पडल्या, आणि त्या मनापासूनच्या होत्या.

"पूर्वी गाडीचे पडदे ओढलेले असायचे, फलाट दिसत नव्हता, पण गाडी चालू आहे असं वाटत तरी होतं. आता म्हणतात, सगळ्यांनी खाली उतरून ढकला! कुठे ढकलायची? विचारलं तर म्हणतात, त्यावर खुली चर्चा करू!"

सभागृह हसलं. झुयेवला स्वतःचंच नवल वाटत होतं. तो जे बोलत होता ते त्याला पटत होतं. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. निरीक्षक एदुआर्दने टाळ्या वाजवाव्यात की नाही याचा अंदाज घेतला, शेजाऱ्यांकडे बघितलं आणि बॅग मांडीवर ठेवून टाळ्या वाजवल्या.

आता झुयेव आवरेना. "आणि ही मतपेटी!" त्याने बोट रोखलं. "संचालक निवडून आणायचा! उद्या विमानाचा वैमानिक प्रवासी निवडतील, चिठ्ठ्या टाकून! चोरासारखं पडद्याआड कशाला जायचं? आपण एकमेकांपासून कधी काही लपवलं आहे का? झुयेवच्या बाजूने कोण? हात वर!"

हात वर गेले. गव्हाचं शेत उभं राहावं तसे सगळे एकदम गेले. पहिल्या रांगेत ग्लेब तारासोवचा हात होता. मंचावर पेनसकट एदुआर्द रोमानोविचचा होता.

"विरोधात कोण?"

जे काम आयुष्यभर केलं ते हात स्वतःच करतात. सगळे एकदम खाली आले.

सावेली काका मात्र मागच्या रांगेत उभा होता. तीस वर्षं तो प्रेसवर झाकणं ठोकत आला होता आणि त्या ठोक्यांनी त्याचे दोन्ही कान केव्हाच नेले होते. त्याला ना चेलो ऐकू आला होता, ना भाषण. सकाळी मुकादमीणबाईने त्याला खुणांनी समजावलं होतं की कागद घे, पडद्याआड जा, पेटीत टाक, मग संत्री. सगळ्यांचे हात वर गेलेले बघून त्याला वाटलं, हजेरी चालली आहे. आपण आलोय हे मुकादमीणबाईला माहीत आहे, असा विचार करून तो कागद घेऊन लाल पडद्याआड गेला. बाहेर आला, कागद पेटीत टाकला आणि खाद्यगृहात गेला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

इतक्यात चेलो थांबला. सुई खरखरली आणि सगळ्या कर्ण्यांतून फाया मावशीचा आवाज आला:

"कामगार मित्रहो, कारखान्याच्या पहिल्या निवडणुकीनिमित्त आपण गंभीर संगीत ऐकत होतात. सुई बदलून तेच पुन्हा लावते आहे."

सगळ्या माना कर्ण्याकडे वळल्या. मग मागून एका बाईचा आवाज आला, "अगं बाई! मग माझं एवढं मीठ?"

झुयेव ध्वनिक्षेपण खोलीत पोहोचला तेव्हा त्याला दम लागला होता.

"हे काय लावलंस? कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच," फाया मावशी म्हणाली. ती शांतपणे तबकडी पुसत होती. "म्हणालात, गंभीर काहीतरी लाव."

"मी गंभीर म्हटलं! सुतकी म्हटलं होतं का?"

"आपल्याकडे गंभीर एवढी एकच आहे, अर्कादी लुकिच. बाकी सगळ्या आनंदाच्या. इतकी वर्षं आनंदच चालला होता ना आपला."

तो परत आला तेव्हा सभागृह रिकामं होत आलं होतं. अर्धे लोक खाद्यगृहात गेले होते, अर्धे मीठ परत करायच्या रांगेत. दुकानात मीठ परत घेत नव्हते, पण रांग होती म्हणून लोक उभे होते. फोटो जागेवर आला होता, घाईत जरा तिरका लागला होता. निरीक्षक एदुआर्द फोन करून परतला होता. आता फोन लागला होता. त्याच्या गालांवर रंग आला होता.

"सरचिटणीसांची तब्येत उत्तम आहे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "आत्ता ते एका कारखान्यात मोकळेपणावर बोलतायत." मग त्याने नियमांची पुस्तिका उघडली. "आता निकालाचं. हात वर करून केलेलं मतदान कायद्याने धरता येत नाही. फक्त पेटी."

"पेटीत काय आहे? काहीच नाही," झुयेव म्हणाला.

पेटी उघडली. आत एक कागद होता. त्यावर दोन नावं होती आणि झुयेव या नावावर एक जाड, ठसठशीत रेघ होती. नको असलेलं नाव खोडायचं, असा नियम वर छापलेलाच होता.

एदुआर्दने कागद उजेडात धरला. त्याचा चेहरा उजळत गेला. "वैध मतं, एक. कॉम्रेड तारासोव यांच्या बाजूने, एक. म्हणजे शंभर टक्के."

"हा काय निकाल आहे?" झुयेव ओरडला. "पुन्हा मतदान घ्या!"

"कुणाचं?" एदुआर्दने रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "सभा सुरू होताना गणपूर्ती होती, तशी नोंद झाली आहे. मतदानाची वेळ संपली. सगळं कायद्यात बसतंय."

"आख्ख्या सभागृहाने माझ्यासाठी हात वर केले! तुम्हीसुद्धा केलात!"

"मी घड्याळ बघत होतो, अर्कादी लुकिच."

"आणि तू?" झुयेव ग्लेबकडे वळला.

"मला प्रश्न विचारायचा होता," ग्लेब म्हणाला. आवाज त्याला हळूहळू परत येत होता. "वडीलधाऱ्यांच्या भाषणावर खुली चर्चा व्हावी, असं माझं मत होतं."

झुयेवने दोघांकडे बघितलं आणि त्याला समजलं. कायद्याचा इथे फारसा संबंध नव्हता. ज्या भाषणाला आपण टाळ्या वाजवल्या, ते करणारा माणूस रोज समोर दिसणं या दोघांना परवडणार नव्हतं. गावातही कुणाला परवडणार नव्हतं.

"भंगार गोदामाची जागा अजून रिकामी आहे," एदुआर्द पुस्तिका मिटत म्हणाला. "तिथे शिस्तीची फार गरज आहे."

फाटकापाशी झुयेवला सावेली काका भेटला. दोन्ही खिसे संत्र्यांनी फुगलेले, हातात सॉसेजचा तुकडा. बहिरी माणसं बोलतात तसा तो सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्यांदा बोलला.

"अभिनंदन, अर्कादी लुकिच! आलात ना निवडून? यायलाच हवं! तो ग्लेब माझा प्रेस बंद करणार म्हणे, त्याला कोण विचारतो! मी तुमच्या नावावर अशी जाड रेघ मारली, अशी! आधी गोंधळलो, दोन नावं बघून. आयुष्यभर एकच असायचं, घडी घालायची आणि टाकायचं. मग म्हटलं, ज्याला आणायचंय त्याच्यावरच खूण करायची असणार. दोनदा गिरवली. पेन्सिल मोडली."

मिठाच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यात रिम्मा होती, दोन्ही हातांत पिशव्या.

"खोडायचं असतं ते!" झुयेव त्याच्या कानाशी ओरडला. "नको असतो त्याला खोडायचं! तू मला खोडलंस, मूर्खा! तूच! एकट्याने!"

सावेली काकाने मान हलवली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खिशातलं एक संत्रं काढून त्याच्या हातात ठेवलं.

"बोला, बोला," तो मायेने म्हणाला. "आता काय, बोलायची मुभा आहे म्हणतात. मलाच ऐकू येत नाही, त्याला तुम्ही काय करणार."